पिवळ्यांच्या घरातला काळा माणूस

कोरेगावच्या एसटी स्टँडजवळ मानसिंगचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट साईज, साखरपुडे, बारशी आणि मुख्य म्हणजे स्थळाचे फोटो. स्थळासाठी फोटो काढायला आलेली मुलगी स्टुलावर बसली की तिची आई मानसिंगच्या कानाशी येऊन म्हणते, "जरा उजळ येऊ द्या हां, भाऊ." मानसिंग मान डोलावतो. मग संगणकावर बसून तो त्या मुलीला आधी तिच्या आईइतकी, मग मावशीइतकी आणि शेवटी नात्यात कोणीच नसेल इतकी गोरी करतो. व्यवसाय काय, असं कुणी विचारलं तर तो सांगतो, "तालुक्याला चुना लावायचा."

या कामाचा त्याला वारसाहक्कच होता. त्याच्या गावात त्याच्या घराला पिवळ्यांचं घर म्हणतात. सात-बाऱ्यावर आडनाव वेगळं आहे, पण ते पोस्टमन सोडून कुणी वापरत नाही. या घरातली माणसं सोललेल्या केळीसारख्या रंगाची. गालाची हाडं वर आलेली, डोळे किंचित पिवळसर, हातापायांनी किरकोळ. गावातली बाकीची घरं उसात आणि फौजेत रापून काळी झालेली, त्यात हे पिवळं घर उठून दिसायचं. मानसिंगचे वडील आकाराम हवालदार म्हणून निवृत्त झाले. वर्दीत फोटो काढून घेताना ते फोटोग्राफरला बजावायचे, "रंग यायला पायजे. वर्दी आली न्हाई तरी चालंल."

हा रंग घराबाहेर जाऊ नये याची काळजी पिढ्यान्‌पिढ्या घेतली गेली. मामाची मुलगी करायची, हा रिवाज सगळीकडेच आहे. पिवळ्यांच्या घरी तो कायदा होता. आकारामांनी मामाची मुलगी केली. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं होतं. मधूनच एखादं मूल लहानपणीच जायचं, तेव्हा म्हातारी माणसं म्हणायची की दृष्ट लागली, इतकं गोरं लेकरू उघड्यावर न्यायचं नव्हतं.

मानसिंग या सगळ्यांत पिवळा. लहानपणी बायका त्याचा गालगुच्चा घ्यायच्या आणि बोटं बाजूला झाल्यावर तिथं लाली का येत नाही म्हणून पुन्हा घ्यायच्या. त्याला पळवत नसे, जिना चढवत नसे. त्यावर घरचं उत्तर ठरलेलं होतं. नाजूक आहे, राजबिंडा आहे, राजे काय जिने चढतात होय? हा राजा पुढे भरतीला गेला. मैदानाचा पहिला फेरा पुरा होण्याआधीच बसला आणि डॉक्टरनं डोळ्याची पापणी ओढून बघत म्हटलं, "रक्त कमी आहे. घरी जा, खाऊन-पिऊन ये."

हे वाक्य त्यानं मनावर घेतलं. आयुष्यात कुणाचाही सल्ला त्यानं इतक्या निष्ठेनं पाळला नाही.

रक्त कमी म्हणजे लोह कमी, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. त्या दिवसापासून मानसिंगच्या पोटात लोह जायला लागलं. गूळ, खजूर, बीट, अळिवाचे लाडू, लोखंडी कढईत परतलेली कलेजी. सकाळी लोहाचं टॉनिक, रात्री लोहाची गोळी. गावाकडचे डॉक्टर बदलले, गोळ्यांचा रंग बदलला, पण रक्त काही वाढेना. रक्त वाढेना म्हणून गोळी वाढली. मध्ये एका डॉक्टरनं सुयाही टोचल्या. मानसिंगनं एक दिवस चुकवला नाही. लग्नाच्या दिवशी त्यानं मुंडावळ्या बांधून घेत गोळी गिळली. औषध इतकं नेमानं घेणारा दुसरा माणूस तालुक्यात नसेल, हे तो अभिमानानं सांगायचा. आता तेच वाक्य सांगतो आणि पुढे म्हणतो, "गाढवबी इतकं नेमानं चुकत न्हाई."

लग्नाच्या वेळी मामाच्या घरात मुलगीच शिल्लक नव्हती. नाइलाजानं बाहेरची करावी लागली. खंडाळ्याकडची शालू आली. सावळी, दणकट, जिना एका दमात चढणारी. मानसिंगच्या आईनं सून बघून आल्यावर दोन दिवस अबोला धरला. पुढे मुलगी झाली, राजेश्वरी. ती आईवर गेली. आजी म्हणाली, "खंडाळ्याचं डांबर आमच्या घरात सांडलं." शालूनं हे ऐकलं आणि लक्षात ठेवलं. ती काही विसरत नाही, हा तिचा एकमेव दुर्गुण, असं मानसिंगचं मत.

चाळिशी ओलांडल्यावर मानसिंग काळा पडायला लागला.

त्याला हे सगळ्यांत शेवटी कळलं. तो प्रिंटरची शाई बदलली की स्वतःचाच फोटो काढून चाचणीचा प्रिंट मारायचा, कारण फुकटात बसणारा दुसरा कोणी नव्हता. ते फोटो काळपट यायला लागले. त्यानं प्रिंटर साफ करून घेतला. मग शाईची कंपनी बदलली, दिवे बदलले, पाठीमागचा पडदा बदलला. साताऱ्याहून माणूस बोलावून मशीन उघडलं. त्या माणसानं गिऱ्हाइकांचे प्रिंट बघितले, मानसिंगकडे बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, मशीन बरोबर हाय." मानसिंगनं त्याला पुन्हा बोलावलं नाही.

रंगही साधा काळा नव्हता. शेतात रापल्यावर येतो तसा नाही, तर राखेत जुनं पितळ मिसळावं तसा. शालू एकदा त्याच्या हाताशेजारी आपला हात धरून म्हणाली, "आवं, मी आता तुमच्या घरात गोरी ठरले."

त्यानं क्रीम लावली. हळद-दूध लावलं. मग त्याच्या हाताशी असलेला सगळ्यांत सोपा उपाय केला. नवऱ्या मुलींच्या फोटोसाठी स्टुडिओत मेकअपचा डबा असायचा. आटपाडीला बहिणीकडे जायचं असलं की निघण्याआधी तो त्यातली पावडर चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर चोपडायचा. कारण बहीण बनुबाई. मानसिंगपेक्षा मोठी, घराण्याच्या रंगाची आता एकटी राखणदार. आटपाडीच्या उन्हात डाळिंबाच्या बागेत उभी हयात काढूनही डोक्यावरचा पदर तिनं कपाळाच्या वर जाऊ दिला नव्हता. तिचा मुलगा यशराज फौजेत, जोधपूरकडे. तो बापावर गेला, काळाभोर, हे बनुबाईचं आयुष्यभराचं दुःख. मामाची मुलगी करून ते दुरुस्त करता येत नव्हतं, कारण राजेश्वरीही सावळीच. पण बनुबाईचा हिशेब दूरचा होता. "वाण एक पिढी लपतो," ती म्हणायची. "नातवंडात बाहेर येतो बघ."

त्या नातवंडांसाठी सुपारी फुटली. राजेश्वरी आणि यशराज लहानपणापासूनचे एकमेकांना ठाऊक, दोघांची ना नव्हती. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त काढला. आणि लग्नातल्या फोटोंत आपण कसे दिसू या एकाच काळजीनं मानसिंग साताऱ्याच्या कातडीच्या डॉक्टरकडे गेला. उजळ व्हायचं औषध मागायला गेलेल्या या माणसाला त्या डॉक्टरनं साखर तपासायला लावली, ती वाढलेली निघाली. पोट दाबलं, तर डाव्या बाजूला सुजलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागली. मानसिंग इतकी वर्षं तो भाग चांगल्या खाण्याचा पुरावा समजत होता. डॉक्टरनं त्याला मिरजेला, रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

बाई वयानं लहान आणि बोलायला सरळ होत्या. सगळ्या तपासण्यांचे अहवाल आल्यावर त्यांनी विचारलं, "लोहाच्या गोळ्या किती दिवस घेतल्या?"

"दिवस नाही मॅडम," मानसिंग छाती काढून म्हणाला. "भरतीला गेल्यापासून. अजून चालू आहेत. आज सकाळचीही झाली."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग त्यांनी समजावलं. आजाराचं नाव थॅलेसेमिया. मानसिंगचा प्रकार मधला, ज्यात माणूस रक्त न चढवताही रखडत रखडत जगतो. आई आणि वडील, दोघांकडून एकेक दोष आलेला. त्यामुळं रक्ताच्या तांबड्या पेशी कच्च्या घडणीच्या निघतात आणि लवकर फुटतात. म्हणून अंगात रक्त कमी, म्हणूनच तो पिवळा रंग, म्हणूनच गालाची हाडं वर.

"लोह तुम्हाला कधी कमी नव्हतंच," बाई म्हणाल्या. "असं समजा, घर बांधणारा गवंडी कच्चा आहे. भिंत उभी राहत नाही. आणि तुम्ही रोज विटांची नवी गाडी आणून ओतताय. त्यात या आजारात शरीर स्वतःच जेवणातलं लोह जास्त ओढून घेतं. लोह आत यायला वाट आहे, बाहेर जायला वाट जवळजवळ नाही."

"मग त्या विटा कुठं आहेत?"

"यकृतात. स्वादुपिंडात, म्हणून साखर. थोड्या हृदयात. आणि कातडीत, जिच्यासाठी तुम्ही क्रीम लावताय."

मानसिंग म्हणाला, "म्हणजे मी गंजलोय."

"डॉक्टरी भाषेत नाही. पण त्यामुळं गोळ्या बंद होणार असतील, तर तसं समजा."

जास्तीचं लोह बाहेर काढणारं औषध आहे, पाण्यात विरघळवून रोज घ्यायचं, जेवणाबरोबर कोरा चहा प्यायचा, कलेजी बंद, कढई बंद. मानसिंग ऐकत होता. आयुष्यात जे जे पथ्य म्हणून खाल्लं, ते ते सगळं आता कुपथ्य ठरत होतं. मग बाईंनी विचारलं, "मुलं?"

"एकच मुलगी. लग्न ठरलंय."

"तिच्याकडं यातला एक दोष असणारच. असू शकतो असं नाही, असणारच. तिला स्वतःला त्रास नाही. प्रश्न होणाऱ्या नवऱ्याचा. तो नात्यातला आहे का?"

"माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा."

बाईंनी हातातला पेन खाली ठेवला. "लग्नाआधी त्याची तपासणी करा. त्याच्यातही दोष निघाला, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आहे की मूल दोन्ही दोष घेऊन येईल. तुमच्यासारखं, किंवा तुमच्याहून वाईट. तुम्ही पन्नाशीला आलात. काही मुलं दर महिन्याला दुसऱ्याचं रक्त घेतल्याशिवाय शाळेपर्यंत पोचत नाहीत. आणि त्या प्रत्येक बाटलीबरोबर हेच लोह साठत जातं."

मिरजेहून परतताना मानसिंगनं बनुबाईला सांगायची वाक्यं जुळवली. तो कोरेगावात उतरेपर्यंत ती विस्कटली होती. घरी मात्र त्यानं शालूला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती. शेवटी तिनं परातीतला हात थांबवला.

"म्हंजे तुमच्या आईचा तो वाण म्हंजे कावीळ व्हती?"

"कावीळ न्हाई. तसंच कायतरी."

"आनी मी डांबर." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "डांबर होतं म्हणून पोरगी धडधाकट निगाली. आता तेवडं जाऊन आटपाडीत सांगा."

"सांगतो की. जरा सवड बघून."

"सवड? लगीन झाल्यावर का?"

मानसिंगनं सवड बघायला सुरुवात केली. फोन लावला, पावसाचं बोलला, डाळिंबावरच्या तेल्या रोगाचं बोलला, ठेवून दिला. पुन्हा लावला, दाजींचा गुडघा विचारला, ठेवून दिला. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? आपल्या बापाचा, आजोबाचा, आपला स्वतःचा ज्यावर तोरा होता तो रंग म्हणजे फुटलेल्या पेशींचा गाळ आहे, हे? आणि त्याहून अवघड म्हणजे, माझ्या पोरीत दोष आहे, हे बापानं आपल्या तोंडानं मुलाकडच्यांना सांगायचं. हे लग्न मोडलं तर दुसरीकडे बातमी तिच्या आधी पोचणार. चार दिवस तर त्यानं असाही विचार केला की बहिणीत दोष नसेलच, देवाला इतकी तरी समज असेल. मग त्याला लहानपणी गेलेली चुलतभावंडं आठवली. त्यांना कुणाची दृष्ट लागली होती हे आता त्याला कळत होतं आणि कळून काही उपयोग नव्हता.

राजेश्वरीनं आपली तपासणी करून घेतली. बाई म्हणाल्या तेच निघालं. ती बीएस्सी झालेली, एका बँकेत नुकती लागलेली. संध्याकाळी स्टुडिओत येऊन तिनं बापासमोर स्टूल ओढलं.

"पप्पा, आत्याला तुम्ही सांगताय की मी यशराजला फोन करू?"

"बाईमाणसानं असलं..."

"मग उद्याची गाडी धरा."

मानसिंगनं उद्याची गाडी धरली. निघण्याआधी सवयीनं पावडर चोपडली. एवढं मोठं सत्य सांगायला निघालेला माणूस तोंड रंगवून निघाला, यात काही वावगं आहे हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. दहिवडी, म्हसवड, दिघंची करत गाडी आटपाडीला पोचेपर्यंत ऊन आणि खिडकीतली धूळ यांनी त्या पावडरचा चिखल केला होता. कानामागून ओघळ मानेवर आले होते. तो बनुबाईच्या अंगणात शिरला तेव्हा सुट्टीवर आलेला यशराज मोटारसायकल धूत होता.

"मामा," तो म्हणाला, "तुमचा रंग जातोय."

बनुबाई बाहेर आली. तिनं भावाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "मानू, तोंडाला काय झालं रं?"

मानसिंगनं यशराजच्या हातातली पाण्याची नळी घेतली आणि अंगणातच तोंड धुतलं. मान धुतली, हात धुतले. पाणी आधी पांढरं वाहिलं, मग साधं. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसून तो बहिणीसमोर उभा राहिला.

"ह्यो खरा रंग, आक्का. लय दिवस झाले."

"उन्हाचं हाय," बनुबाई म्हणाली. "चल, आत चल. कलेजी केली हाय तुझ्यासाठी. रक्ताला बरी."

आत चुलीवर लोखंडी कढई होती. ताटात कलेजी, शेजारी गुळाचा खडा, वाटीत डाळिंबाचे दाणे. मिरजेच्या बाईंनी नको म्हणून सांगितलेलं बरंच काही बहिणीनं मायेनं एका ताटात मांडलं होतं. दाजी, म्हणजे नाथाजी, आधीच जेवायला बसले होते. ते अबोल माणूस. बागेत फवारणी करताना झाडांशी बोलतात ते तेवढंच, असं बनुबाई म्हणायची.

मानसिंगनं ताट बाजूला सारलं.

"आक्का, मला हे चालत न्हाई."

"का रं? माळ घातलीस काय?"

"मालवाहू गाडी झालीय माझी. अंगात जागा न्हाई आता." आणि मग त्यानं सांगितलं. मिरजेचं, विटांचं, गवंड्याचं. आईवडिलांचं. जुळवलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. मध्ये बनुबाईनं दोनदा "गप" म्हटलं, तो गप झाला नाही. राजेश्वरीत दोष आहे, हे सांगताना त्याचा आवाज बारीक झाला. यशराजला तपासायला हवं, हे सांगताना तो जमिनीकडे बघत होता.

"झालं तुझं?" बनुबाई म्हणाली. "माझ्या बापाच्या वाणाला रोग म्हनतोस? खाल्लंस त्या घरचं, ल्यालास त्या घरचं. आनी आता पोरगी द्यायची न्हाई तर सरळ सांग की. खंडाळ्याकडं चांगला पैसेवाला घावला आसंल तुमाला."

"आक्का, पोरगी द्यायला मी कवाबी तयार हाय. मागनं तू नातवाला मांडीवर घेऊन दवाखान्यात रक्त चढवायला बसलीस, तर मला शिव्या द्यायलाबी मी उरेन का न्हाई म्हाईत न्हाई. म्हणून शिव्या आत्ताच दे."

"माझ्या पोराला फौजेनं तपासून घेतलाय. दात मोजून घेतलाय."

"हे दातात नसतं."

नाथाजींनी हात धुतला. "यशराज," ते म्हणाले, "सांगलीला तपासायला कवा जातोस?"

"उद्या सकाळी," यशराज म्हणाला. तो दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होता. "मामा, आमच्याकडं आधी सुई टोचतात, कशाची ते नंतर सांगतात. हे निदान आधी सांगितलंत."

बनुबाई कढई उचलून मागच्या दारानं बाहेर गेली. मानसिंगनं त्या दिवशी बहिणीच्या घरी कोऱ्या चहाबरोबर शिळी भाकरी खाल्ली. परतीच्या गाडीत त्याला स्वतःचं जरा कौतुक वाटायला लागलं, तेवढ्यात आठवलं की हे सांगायला आपल्याला महिना लागला आणि तेही पोरीनं दटावल्यावर. कौतुक दहिवडीच्या आधीच उतरलं.

यशराज अहवाल घेऊन थेट कोरेगावला आला. मोटारसायकल स्टुडिओसमोर लावली, हेल्मेट काढलं आणि काउंटरवर ठेवलं. मानसिंगनं त्याच्याकडे बघितलं.

"हाय, मामा," तो म्हणाला. "माझ्यातबी हाय."

मानसिंगनं राजेश्वरीला फोन केला. ती बँकेतून आली तसा तो उठून बाहेर गेला, त्या दोघांना बोलता यावं म्हणून. समोर रसाचं गुऱ्हाळ होतं. रसवाल्यानं सवयीनं ग्लास पुढे केला. साखर वाढलेला, गूळ-कलेजीला मुकलेला हा माणूस भरल्या ग्लासासमोर उभा राहून आपल्याच दुकानाच्या काचेआडच्या दोन पाठींकडे बघत राहिला. आत मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. एकदा राजेश्वरी हसल्याचं त्याला दिसलं. मग तिनं ओढणीनं डोळे पुसले. यशराजनं आधी छताकडे, मग बुटांकडे पाहिलं.

त्यांनी काय ठरवलं ते राजेश्वरीनं रात्री सांगितलं. पोटातल्या बाळाची तपासणी होते, हे दोघांनाही डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती करून, वाट बघून, वाईट निघालं तर पाडून संसार करणारी माणसं आहेत, आणि त्यांना मुलंही होतात. "पण पप्पा, दर वेळी आत्या दाराशी उभी असणार," ती म्हणाली. "बाळ काय रंगाचं आहे ते बघायला. मला नाही जमणार. त्यालाही नाही." मग तिनं सांगितलं, "तो म्हणाला, आपण लहानपणीच भांडून लग्न मोडायला पाहिजे होतं, सोपं गेलं असतं."

सुपारी मोडली. मानसिंगनं मुहूर्ताच्या दिवसाचं दुसरं एक लग्न घेतलं आणि तिथं दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचे फोटो काढले. त्यातला एकही उजळ करायला त्याचा हात वळेना. नवरदेवाच्या आईनं तक्रार केली.

बनुबाई महिनाभर बोलली नाही. मग एक दिवस न कळवता कोरेगावला आली. हातात पिशवी, पिशवीत सुपारीच्या दिवशी राजेश्वरीला नेसवलेली साडी. परत द्यायला म्हणून शालूनं ती आटपाडीला पाठवली होती, ती आता बनुबाई पुन्हा घेऊन आली होती.

"पोरीला नेसवलेली साडी माघारी घ्यायची नसती," ती म्हणाली. "नेसू दे तिला."

शालूनं चहा ठेवला. बनुबाई सोप्यात बसली. पदर कपाळावर ओढलेलाच होता. शालूकडे न बघता ती म्हणाली, "शालू, तुला आमी लय बोललो."

"व्हय," शालू म्हणाली. "साखर किती घालू?"

मानसिंगला वाटलं आता दोघी भांडतील. पण बनुबाईनं सांगितलं, "दोन चमचे," आणि चहा घेतला. मग तिनं येण्याचं कारण काढलं. यशराजच्या पाठची पूजा. तिच्यासाठी विट्याचं घर विचारत होतं. मुलगा चांगला, घर बागायती. आणि मुलाची आजी पिवळ्यांच्या घरातलीच, बनुबाईच्या वडिलांची चुलतबहीण. बनुबाईला ते स्थळ त्याचसाठी पसंत पडलं होतं.

"पूजाला तपासली," ती म्हणाली. "तिच्यातबी हाय. मला बी तपासली. माझ्यातबी हाय." तिनं कप बशीत ठेवला. "आता विट्याच्या लोकास्नी कुनी सांगायचं? हे तर बोलत न्हाईत. तू चल संगं."

"मी? मला आटपाडीत बोलता आलं न्हाई धड. लोक हसतील."

"तुला बोलायचं न्हाईच. तू नुसता बस. मी सांगितलं तर म्हनतील, बाई वाढवून सांगतीया. तुला बघितलं की गप बसतील."

असं मानसिंगचं नवं काम सुरू झालं. विट्याला जायच्या दिवशी त्यानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, कारण त्यावर रंग स्पष्ट दिसतो. आपण प्रदर्शनाला चाललोय तर माल नीट मांडलेला बरा, असं तो शालूला म्हणाला. विट्याच्या त्या घरात बैठकीवर त्याला मधोमध बसवलं. मुलाकडची मंडळी त्याच्याकडे बघत होती आणि नजर चुकवत होती. मुलाची आजी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. अगदी त्याच पिवळ्या रंगाची, गालाची हाडं वर. तिनं बनुबाईकडे बघून मायेनं मान हलवली. आतून कपबशांचा आवाज येत होता.

मानसिंगनं घसा खाकरला. वाटेत त्यानं एक छोटंसं भाषण तयार केलं होतं, गवंड्याचं आणि विटांचं.

बनुबाईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला गप बसवलं. तिनं डोक्यावरचा पदर थोडा मागे सारला.

"चहा येऊ दे थोडा मागनं," ती म्हणाली. "आदी ऐका. आमच्या घरात रक्ताचा आजार हाय. माझ्यात हाय, पूजात हाय. तुमच्या मुलाला तपासून आना. आनी ह्या म्हातारीलाबी संगं न्या."